कायम वर राहणारी विंडो : पॉवरटॉइजमधील ‘ऑलवेज ऑन टॉप’ सोयीचे परीक्षण

एका विंडोत पाहून दुसऱ्या विंडोत लिहिण्याचे काम ज्यांना एकाच पडद्यावर रोज करावे लागते, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या विनामूल्य संचातील ‘ऑलवेज ऑन टॉप’ ही सोय मला विंडोजवरच्या पर्यायांपैकी सर्वांत उजवी वाटते. तिच्यात उणिवा आहेत, आणि एवढ्याशा कामासाठी काही शे एमबींचा पसारा संगणकावर आणावा लागतो हे पाहून कपाळाला आठी पडते. तरीही निवडलेली विंडो इतर सर्व विंडोंच्या वर ठेवणे आणि ती वर आहे हे डोळ्यांना सतत दिसत राहणे या दोन्ही गोष्टी ती नीट साधते, आणि त्यातली दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे असे माझे मत झाले आहे.

माझे काम मोडी कागदांच्या लिप्यंतराचे. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील जुन्या मराठी घरांत गायकवाडी काळातील सनदा, हिशेबाचे कागद आणि घरगुती पत्रे अजून निघतात. हल्ली घरची मंडळी मूळ कागद हाती देत नाहीत, त्याचे स्कॅन केलेले चित्र पाठवतात, आणि जीर्ण कागदाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. अडचण लिप्यंतर करणाऱ्याची होते. मोडीत शिरोरेषा पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग ओढलेली असते, शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे ओळीवरून नजर हलली की पुन्हा जागा सापडेपर्यंत वेळ जातो. अशा वेळी टंकलेखनासाठी लेखनाच्या विंडोवर क्लिक करताच कागदाचे चित्र तिच्यामागे दडते, आल्ट आणि टॅब दाबून ते परत आणावे तर लिहिलेली ओळ झाकली जाते, आणि या ये-जा करण्यातच निम्मी एकाग्रता खर्च होते.

पडदा उभा दुभागून दोन विंडो शेजारी शेजारी बसवण्याची सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, आणि पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. मोडी कागदाला ती मानवत नाही. आमच्याकडे अजूनही सर्रास दिसणाऱ्या १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपवर अर्धा पडदा म्हणजे ६८३ पिक्सेलची रुंदी. तेवढ्यात एक लांब ओळ वाचण्याजोगी मोठी केली की तिची दोन्ही टोके बाहेर जातात. विंडोज ११ मध्ये विन (विंडोजचे चिन्ह असलेली कळ), आल्ट आणि वरचा बाण दाबून विंडो पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात बसवता येते, पण मला वरचा अर्धा भाग नको असतो. दोन-तीन ओळी मावतील एवढी पूर्ण रुंदीची पट्टी हवी असते आणि तिच्याखाली लेखनाला मोकळी जागा. जाता जाता सांगण्यासारखे हे की १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये विंडो शेजारी शेजारीच मांडल्या जात, एकीवर दुसरी येण्याची मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीने दिली. आणि एकदा ती मुभा मिळाल्यावर कोणती विंडो वर राहील हे ठरवण्याची गरज ओघानेच आली. १९९२ च्या विंडोज ३.१ मधील घड्याळाला कायम वर राहण्याचा पर्याय होता. तो पर्याय प्रत्येक विंडोच्या टायटल बारवरील मेनूत सरसकट देण्याचे मात्र विंडोजने आजवर मनावर घेतलेले नाही, आणि म्हणून बाहेरून काहीतरी आणावे लागते.

पॉवरटॉइज हे नाव विंडोज ९५ च्या काळापासूनचे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते नव्या रूपात पुन्हा सुरू केले, त्याचा कोड एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली गिटहब या कोडच्या संकेतस्थळावर खुला ठेवला, आणि ‘ऑलवेज ऑन टॉप’ त्यात जानेवारी २०२२ च्या ०.५३ या आवृत्तीत दाखल झाले. संच मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून किंवा गिटहबवरून घेता येतो. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुढे आणि विंडोज ११ वर तो चालतो. वापर अगदी सोपा आहे. जी विंडो वर ठेवायची तिच्यावर क्लिक करावे आणि विन, कंट्रोल आणि टी या तीन कळा एकत्र दाबाव्यात. त्याच कळा पुन्हा दाबल्या की विंडो पूर्ववत होते. मराठी कळफलक निवडलेला असला तरी जिच्यावर टी छापलेला आहे तीच कळ दाबायची, त्यासाठी भाषा बदलण्याची गरज नसते, आणि ही जोडणी हाताला अडचणीची वाटली तर सेटिंग्जमध्ये जाऊन बदलता येते.

अशा वर ठेवलेल्या, म्हणजे पिन केलेल्या, विंडोभोवती एक रंगीत चौकट उमटते. ही चौकट सुरुवातीला मला भडक वाटली होती, आणि ती बंद करण्याचा पर्याय असल्याने अनेक जण पहिल्याच दिवशी ती बंद करत असतील. तसे करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विंडो वर पिन करून ठेवली आहे हे विसरणे फार सोपे असते; मग एखादा संदेश किंवा फाइल जतन करण्याची छोटी विंडो तिच्यामागे उघडते, संगणक अडकल्यासारखा वाटतो, आणि माणूस नको त्या कळा दाबत सुटतो. रंगीत चौकट दिसत असली की कारण लगेच कळते. तिचा रंग, जाडी आणि पारदर्शकता ठरवता येते. जुन्या कागदाच्या पिवळट-तपकिरी चित्राभोवती मी गडद निळी, बारीक चौकट ठेवतो. विंडोजने निवडलेला रंगच घ्यावा असाही पर्याय आहे, पण तो रंग इतर ठिकाणीही दिसत असल्याने नजरेत वेगळा भरत नाही. पिन करताना होणारा आवाज मात्र मी पहिल्यांदाच बंद केला. घरात कोणी झोपलेले असताना त्याचा उपयोग काय, हे मला उमगलेले नाही.

या सोयीला विंडोजच्याच एका दुसऱ्या सेटिंगची जोड मिळाली तर तिचा खरा लाभ होतो, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये माउसच्या सेटिंग्जमध्ये, ज्या विंडोवर नुसता बाण नेला तीच विंडो चाकाने सरकावी, असा पर्याय आहे. तो सहसा चालूच असतो, तरी एकदा पाहून घ्यावा. पट्टीसारखी विंडो वर पिन केलेली असावी, लेखनाची विंडो खाली असावी आणि माउसचा बाण वरच्या विंडोवर ठेवलेला असावा. मग कळफलकावरची अक्षरे खालच्या विंडोत उमटत राहतात आणि चाक फिरवले की वरचा कागद पुढे सरकतो. कुठेही क्लिक करावे लागत नाही. त्यासाठी कागदाचे चित्र चाकाने सरकणाऱ्या कार्यक्रमात उघडलेले हवे. काही चित्रदर्शक चाकाने चित्र लहानमोठे करतात, म्हणून मी पाने पीडीएफमध्ये बांधून घेतो.

यावरून एक गैरसमजही दूर व्हावा. वर ठेवलेली विंडो आणि चालू विंडो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज प्रत्येक विंडोचा थरातील क्रम सांभाळते, आणि काही विंडोंवर ‘सर्वांत वरच्या’ असा शिक्का मारते. शिक्का असलेल्या सर्व विंडो शिक्का नसलेल्यांच्या वर राहतात, मग टंकलेखन कुठेही चालू असो. पॉवरटॉइज एवढाच शिक्का मारते आणि काढते. टास्कबार स्वतः अशाच शिक्क्याची विंडो आहे. यामुळे दोन विंडो पिन केल्या तर त्यांच्यात वर कोण, हे पुन्हा नेहमीच्या नियमानेच ठरते : जिच्यावर शेवटी क्लिक केले ती वर. सर्वांत वरच्यांच्याही वर अशी पायरी आपल्यासाठी नसते, आणि चार-पाच विंडो पिन करणाऱ्याला हे लवकरच कळून चुकते. माझ्या पडद्यावर दोनच विंडो पिन केलेल्या असतात. एक कागदाची पट्टी आणि दुसरी कोपऱ्यातली छोटी जंत्री. मराठी दफ्तरांत शुहूर सन या जुन्या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात, आणि ‘समान सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६८, म्हणजे इसवी सन १७६७-६८, हे दरवेळी मनात जुळवण्यापेक्षा तक्ता समोर असलेला बरा. या पलीकडे तिसरी विंडो वर ठेवण्याचा मोह झाला तर ती खाली सोडून द्यावी.

आता उणिवांकडे. पहिली म्हणजे पॉवरटॉइज एखाद्या विंडोला पिन करते ते त्या उघड्या विंडोपुरतेच. ती बंद करून पुन्हा उघडली की पुन्हा पिन करावी लागते. रोज सकाळी तीच जंत्री त्याच कोपऱ्यात उघडून तीच कळ दाबायची, हे काम संगणकाने लक्षात ठेवायला हरकत नव्हती. काही कार्यक्रमांना पिन करण्यापासून वगळण्याची यादी सेटिंग्जमध्ये आहे, पण मला हवी असते ती याच्या नेमकी उलट यादी. दुसरी उणीव प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या कार्यक्रमांची. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या कार्यक्रमाला जास्त अधिकाराच्या विंडोत ढवळाढवळ करता येत नाही, त्यामुळे पॉवरटॉइज साध्या अधिकाराने चालू असेल तर अशी विंडो पिन होत नाही आणि कळा दाबूनही काही घडत नाही. पॉवरटॉइजच्या सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये ते नेहमी प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्याचा पर्याय आहे, पण केवळ यासाठी तो चालू ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. नेहमीच्या लेखन-वाचनाच्या विंडोंना त्याची गरज पडत नाही.

आभासी डेस्कटॉप, म्हणजे एकाच पडद्यावर आलटून पालटून दिसणारे वेगळे डेस्कटॉप, वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पिन केलेली विंडो ज्या डेस्कटॉपवर आहे तिथेच राहते. ती सर्व डेस्कटॉपवर दिसायला हवी असेल तर टास्क व्ह्यूमध्ये तिच्यावर उजवे क्लिक करून ती सर्वत्र दाखवण्याचा विंडोजचा स्वतःचा पर्याय घ्यावा लागतो. दोन्ही सोयी एकत्र वापरता येतात.

पसाऱ्याची तक्रार मी सुरुवातीला केली, तिच्याबद्दल थोडे. संचात रंग ओळखणे, चित्रांचा आकार बदलणे, कळा बदलणे अशी कितीतरी साधने आहेत, आणि बसवल्यावर त्यांतली बरीचशी चालू असतात. ज्याला फक्त एक विंडो वर ठेवायची आहे त्याने उरलेली सगळी बंद करावीत. अपवाद फॅन्सीझोन्सचा. पडद्याचे आपल्या मनाप्रमाणे भाग आखून त्यांत विंडो बसवण्याचे ते साधन आहे, आणि माझी वरची पट्टी त्यात एकदा आखून ठेवली की शिफ्ट दाबून विंडो ओढताच ती बरोबर त्या जागी बसते. ‘ऑलवेज ऑन टॉप’ आणि फॅन्सीझोन्स मिळून या संचाची जागा वसूल करतात, असे मी म्हणेन.

ज्यांचा संगणक जुना आहे किंवा ज्यांना एवढा मोठा संच नकोच आहे, त्यांच्यासाठी डेस्कपिन्स हे छोटेसे, विनामूल्य आणि खुल्या कोडचे साधन अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. घड्याळाशेजारच्या चिन्हावर डबल-क्लिक केले की बाणाची टाचणी होते, ती हव्या त्या विंडोवर टोचायची. टायटल बारवर टाचणी दिसत राहते आणि तिच्यावर क्लिक केले की निघते. कळांच्या जोड्या लक्षात न राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही पद्धत समजावून सांगायला सोपी जाते. शिवाय पॉवरटॉइजबाबत मी जी तक्रार केली तिचे उत्तर डेस्कपिन्समध्ये आहे : विंडोच्या नावावरून नियम लिहून ठेवला की तशी विंडो उघडताच ती आपोआप पिन होते. मग मी पॉवरटॉइजला उजवे का म्हणतो? कारण आजचे ब्राउझर आणि इतर अनेक कार्यक्रम टायटल बार स्वतःच रंगवतात, तिथे ही टाचणी बटणांच्या शेजारी अवघडून बसते आणि पटकन दिसत नाही. विंडोच्या चारही बाजूंनी फिरणारी चौकट कुठूनही दिसते. पण ज्याचे काम दोन-तीन ठरलेल्या विंडोंपुरतेच आहे, त्याने डेस्कपिन्स आधी पाहावे.

कळांना आदेश जोडून देणारे ऑटोहॉटकी हे साधन ज्यांना येते त्यांना वरील दोन्हींची गरज नाही. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एका ओळीचा आदेश एखाद्या कळेला जोडला की झाले. फक्त त्यात चौकट किंवा टाचणी असे काही दिसत नाही, ती सोय स्वतः लिहावी लागते, आणि इतरांना हे साधन सुचवण्यात अर्थ नाही.

काही कार्यक्रमांत ही सोय मुळातच असते, हेही पाहून घ्यावे. विंडोजचा कॅल्क्युलेटर साध्या प्रकारात आल्ट आणि वरचा बाण दाबल्यावर आक्रसून सर्वांच्या वर राहतो. दांडिया बाजारातील आमचे एक करसल्लागार स्नेही खातेवहीच्या पीडीएफवर तो ठेवून बेरजा पडताळतात, आणि त्यासाठी त्यांनी वेगळे काही बसवले नाही. नोटपॅड प्लस प्लस, व्हीएलसी आणि टास्क मॅनेजर यांनाही आपापला पर्याय आहे. पडद्यावरचा कळफलक तर स्वतःहूनच वर राहतो, त्यामुळे मराठी इनस्क्रिप्ट कळफलक नव्याने शिकणाऱ्याला अक्षरांच्या जागा पाहत पाहत लिहिता येते. व्हिडिओ ऐकून लिहून काढणाऱ्यांना क्रोममध्ये २०१८ पासून आणि विंडोजवरील फायरफॉक्समध्ये २०१९ पासून मिळालेली तरंगती छोटी चौकट पुरेशी आहे. भाषणांचे ध्वनिचित्रमुद्रण लिहून काढताना मी तीच वापरतो.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीवर हा सगळा खटाटोप करावा लागत नाही, आणि ही तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट बसवणारे लोक आमच्याही ओळखीत वाढले आहेत. त्यात टायटल बारवर उजवे क्लिक केले की ‘ऑलवेज ऑन टॉप’ मेनूतच असते. ग्नोम आणि एक्सएफसीई या लिनक्सवरील इतर डेस्कटॉपांतही ते विंडोच्या मेनूत आहे, आणि केडीई या तशाच डेस्कटॉपमध्ये ‘कीप अबव्ह अदर्स’ या नावाने. केडीई तर आणखी पुढे जाऊन विंडोसाठी कायमचा नियम लिहू देते, म्हणजे माझी जंत्री तिथे कायम पिन केलेलीच उघडेल. मेनूत जागा द्यायला एका ओळीपेक्षा जास्त काही लागत नाही, आणि ती ओळ इतरत्र वर्षानुवर्षे असताना विंडोजच्या मेनूत नसावी, याचे समर्थन मला सुचत नाही. केवळ या कारणासाठी कोणी विंडोज सोडावे असे मी म्हणणार नाही, कारण मोडीचे फॉन्ट, स्कॅनर आणि ग्राहकांकडून येणाऱ्या फाइली यांचा व्यवहार माझ्याकडे विंडोजवर बसलेला आहे.

ऑनलाइन वर्ग किंवा बैठक घेणाऱ्यांना एक सूचना द्यायला हवी. पूर्ण पडदा सर्वांना दाखवत असाल तर वर पिन केलेली विंडोही सर्वांना दिसते, मग ती तुमची टिपणे असोत की एखाद्या घराण्याचा खासगी कागद. मोडीचे वर्ग घेताना मी म्हणूनच पूर्ण पडद्याऐवजी फक्त शिकवण्याची विंडो दाखवतो, आणि घरोघरचे कागद त्या वेळी पिन केलेले नाहीत ना, हे चौकट पाहून आधी तपासतो.